दिवेलागणीनंतरचं विरजण

सिंगापूरमधला बिशानचा फ्लॅट विकला गेला आणि पुंगोलच्या नव्या फ्लॅटमधलं लाद्यांचं काम काही केल्या संपेना, तेव्हा ऋताने मधल्या दिवसांपुरती जू चियाटच्या एका गल्लीत खोली घेतली. भाऊ निशिकांत सेंगकांगला राहत होता. पण त्याच्याकडे त्याच्या बायकोचे, मीनलचे आईवडील नागपूरहून आलेले होते, आणि "ताई, हॉलमध्ये गादी टाकू की" असं म्हणताना निशिकांतने बायकोकडे बघायचं टाळलं होतं. ऋताने आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचं काम तपासलं होतं. कुणी काय बघायचं टाळलं, ते तिला चटकन दिसायचं.

सामान गोदामात गेलं. तिच्याकडे एक बॅग उरली, आणि बॅगेत टॉवेलात गुंडाळलेला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. त्यात आईचं विरजण होतं.

वडील गेल्यावर सुनेत्राबाई पुण्याहून कायमच्या लेकीकडे आल्या, त्या हे विरजण पर्समध्ये घालूनच. त्यांना ते सासूकडून मिळालेलं. सासूला कुणाकडून, ते विचारायचं राहून गेलं होतं. बिशानच्या स्वयंपाकघरात रोज रात्री दूध कोमट व्हायचं, आई करंगळी बुडवून बघायची, चमचाभर विरजण घालायची, आणि सकाळी सुरीने वड्या पाडाव्यात असं दही लागलेलं असायचं. निशिकांत चेष्टा करायचा, "ताई, तुला इथे कायमचं राहायचं पीआर मिळालं, मला मिळालं, ह्याला मिळालं का गं?" पण जाताना डबा भरून न्यायचा.

आईचे नियम दोनच होते. विरजणात उष्टा चमचा जाता कामा नये. आणि दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर द्यायचं नाही. एकदा शेजारची तमिळ बाई संध्याकाळी वाटी घेऊन आली, तेव्हा आईने तिला बसवलं, कॉफी पाजली आणि सकाळी यायला सांगून रिकाम्या वाटीने परत पाठवलं. ऋताला लाज वाटली होती. इथे कॉरिडॉरमधले दिवे आपोआप लागतात, दिवेलागण कसली, असं ती म्हणाली होती. त्यावर आई म्हणाली, "आपोआप लागले म्हणून दिवे लागायचे राहतात का?"

आता आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. साड्या वाटून झाल्या होत्या, चष्मा डबीत होता, फोटो भिंतीवर. हे सगळं जिथल्या तिथे थांबलेलं होतं. विरजण तेवढं रोज सकाळी नव्याने लागत होतं. वर्षश्राद्ध पुंगोलच्या घरात करायचं ठरलं होतं, आणि फोनवर निशिकांत नेहमीची चेष्टा विसरून म्हणाला होता, "ताई, दहीभाताचा नैवेद्य तिच्याच दह्याचा दाखवू. तू जपलंस म्हणून आहे ते."

जू चियाटचं घर मिसेस सिया यांच्या आजीचं होतं. बंद पडून पार मोडकळीला आलेलं, ते त्यांनी मूळच्यासारखं बांधून काढून पाहुण्यांसाठी उघडलं होतं. अरुंद तोंडाचं आणि आत लांबच लांब जाणारं. पुढे फिकट हिरवा रंग, खिडक्यांखाली गुलाबांच्या नक्षीच्या चकचकीत फरशा, दाराला कंबरेइतक्या उंचीची, ढकलून उघडायची कोरीव अर्धी फळी. मध्ये आभाळाला उघडा चौक, त्याच्या पलीकडे जेवणघर आणि शेवटी स्वयंपाकघर. जुन्या लाद्या एकेक उचलून, घासून परत बसवलेल्या. कुठे ओल नाही, कोळिष्टक नाही. ऋताला घर आवडलं. आवडलं म्हणजे, त्यात काही खोट काढता येईना.

वासाचं मात्र दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. गल्लीत वासांची दाटी होती. तळलेल्या सुक्या कोळंबीचा, ड्युरियन फळांच्या सालींचा, गटाराचा, चाफ्याचा. अर्ध्या फळीच्या आत पाऊल टाकलं की सगळे एकदम तुटायचे. स्वयंपाकघरात मोठ्या बरण्यांची अख्खी भिंत होती, प्रत्येकीच्या तोंडाला फडकं आणि फडक्याला निराळ्या रंगाची दोरी. आत काहीतरी आंबत असणार, कारण कान दिला की बुडबुडे फुटल्याचा बारीक आवाज यायचा. पण वास म्हणून नव्हता. आंबट नाही, गोड नाही, काहीच नाही.

रात्रीचं जेवण खोलीच्या भाड्यातच होतं. लांब टेबलाशी ऋता सोडून दोघंच असायची, आणि ती दोघं घरात राहणारी नव्हती, फक्त जेवायला येणारी होती. एक इलेनी नावाची वयस्क ग्रीक बाई. नवरा जहाजावर होता, तो वारल्यावर ती सिंगापूरलाच राहून गेलेली. दुसरे मिस्टर ओदा, निवृत्त जपानी इंजिनियर. पहिल्या संध्याकाळी ऋताने गुड ईव्हनिंग म्हटलं. दोघांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि मग तिच्या हातांकडे.

भात, भाज्या, टोफू सगळ्यांना सारखं वाढलं जायचं. जेवण उत्तम असायचं. शेवटी मिसेस सिया आतून दोन छोटे वाडगे आणायच्या. इलेनीच्या वाडग्यात दाट पांढुरकं सूप, ओदांच्या वाडग्यात कोंड्यात मुरवलेल्या काकडी-मुळ्याच्या फोडी. दोघं डावा हात वाडग्याभोवती घालून खायची. भर वर्गात पेपर झाकून लिहिणाऱ्या मुलांसारखी. खाऊन झालं की इलेनी बोटाने वाडगा पुसून घ्यायची, आणि बोट तोंडात असताना तिची नजर ऋतावर असायची. त्या नजरेत ओळख नव्हती. रांगेत मागून येऊन उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघावं तशी ती बघायची.

एका संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर ऋता स्वयंपाकघरात दूध कोमट करत होती. मिसेस सिया भांडी पुसता पुसता जवळ येऊन उभ्या राहिल्या. डबा उघडताना त्यांनी पाहिला. हे काय, कुणाचं, किती जुनं, सगळं त्यांनी विचारून घेतलं, आणि आईचं म्हटल्यावर मान हलवली. त्यांच्या आजीचंही तसंच होतं म्हणे, या बरण्या आजीपासूनच्या. नंतर पाहुण्यांच्या बरण्यांची भर पडत गेली. इथे राहणारा प्रत्येक जण आपलं काही ना काही ठेवून जातो.

"तू पण दे, आ गर्ल," त्या म्हणाल्या, लेकीला हाक मारावी तशा. "एकच चमचा. घराला."

ऋताने चौकाकडे पाहिलं. वरचं आभाळ जांभळं होत होतं. गल्लीतले दिवे लागले होते. तिला आईचं बोलणं आठवलं, अगदी शब्दन् शब्द. पण परक्या बाईला काय सांगणार? मोठ्या बँकेत काम करणारी, इतकं वाचणारी बाई, दिवे लागल्यावर दही देत नाही म्हणून? सकाळी देते, एवढं म्हणता आलं असतं. तिने चमचा भरला आणि पुढे केलेल्या वाडग्यात घातला. मिसेस सियांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि त्या आत गेल्या. थँक यू म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋताचं दही लागलं नव्हतं.

दूध जास्त गरम झालं असेल किंवा फार निवलं असेल, असं तिला वाटलं. रात्री पुन्हा लावलं. सकाळी तसंच. बोट बुडवून चाखलं तर नुसतं दूध, गोड, ताजं. ती ऑफिसला गेली. भांडं खोलीतल्या टेबलावर उघडंच राहिलं, खिडकी बंद, पंखा बंद. संध्याकाळी आली तरी दूध तसंच होतं. फाटलं नव्हतं, आंबलं नव्हतं, वर मुंगीसुद्धा नव्हती. सिंगापूरच्या उकाड्यात दिवसभर उघडं ठेवलेलं दूध. मग तिने डब्यात होतं तेवढं सगळं विरजण खरवडून एका भांड्यात घातलं, शाल गुंडाळली, आणि उशाशी ठेवलं. असं करायचं नसतं. थोडं मागे ठेवायचंच असतं. हे तिला सकाळी त्या पांढऱ्याशुभ्र, पातळ दुधासमोर आठवलं.

त्याच संध्याकाळी मिसेस सियांनी आतून तीन वाडगे आणले.

ऋतासमोर ठेवलेल्या वाडग्यात दही होतं. तिने चमचा घातला तेव्हा त्याची कड सरळ तुटली. तोंडात घेतलं. आधी थंड, मग किंचित आंबट, आणि गिळल्यावर मागे राहणारी ती बारीक गोडी, जी कुठल्याच दुकानातल्या दह्याला नसायची. बिशानचं स्वयंपाकघर, दुपारची वेळ, आईच्या बांगड्यांचा ओट्यावर होणारा आवाज. ऋताने सगळं संपवलं. वाडगा बोटाने पुसला. नंतर तिला दिसलं की आपला डावा हात वाडग्याभोवती आहे.

तिने मिसेस सियांकडे त्यातलं चमचाभर मागितलं. आपलं संपलं, आईचं वर्षश्राद्ध जवळ आलंय, हे सगळं सांगितलं. त्या हसल्या. त्यांचं हसू नेहमीसारखंच गोड होतं.

"इथे खायचं, कॅन. रोज ये. न्यायचं, कॅनॉट."

कारण विचारलं तर त्यांनी टेबल पुसायला घेतलं.

फ्लोअरिंग संपल्याचा फोन आला. ऋता पुंगोलला राहायला गेली, पण ऑफिस सुटल्यावर पाय जू चियाटकडे वळत. मिसेस सियांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. टेबलाशी तिची खुर्ची ठरून गेली होती. एकदा तिने मांडीवरच्या डब्यात दोन चमचे दही चोरून घातलं आणि झाकण आवळलं. पुंगोलला जाऊन उघडलं, तर डबा आतून कोरडा, घासून ठेवल्यासारखा लख्ख.

दुसऱ्या दिवशी दारात इलेनी तिची वाट बघत उभी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती आपण होऊन बोलली, तेही रागाने, खालच्या आवाजात. डब्याचं तिला कसं कळलं ते तिने सांगितलं नाही. म्हणाली की काचेची बाटली तिने करून बघितली आहे. ओदांनी रुमाल करून बघितला आहे, ओला रुमाल. दोन्ही कोरडं निघालं, आणि त्यानंतर कित्येक दिवस त्यांचे वाडगे अर्धेच आले. तू चोरतेस आणि उपाशी आम्ही राहतो.

ऋताने विचारलं की तुझ्या गावी मिळत नाही का हे सूप.

इलेनीने सांगितलं. डोंगरातलं गाव, आजीचं दगडी घर. चुलतभावांनी ते नीट बांधून काढून पाहुण्यांसाठी उघडलंय, नवे वासे, जुनी चूल. आजीचं सूप तिथे रोज करतात. आंबवलेल्या दुधात गहू शिजवून, वाळवून, चुरून ठेवायचा आणि थंडीत त्याचं सूप करायचं. ती मुद्दाम गेली, पाहुण्यासारखी राहिली, रोज सकाळी प्याली.

"पिठाचं पाणी," ती म्हणाली. "सगळं तसंच करतात. पण ते आता तिथे नाहीच. ते इथे आहे. मी दिलं ना." मग ऋताचा दंड धरून, जरा जास्तच जोरात, "पोटात जातं तेवढंच या दाराबाहेर येतं. समजलं? तेवढंच. तेव्हा खा आणि गप बस."

आतून वाढायला घेतल्याचा आवाज आला. इलेनी दंड सोडून आपल्या खुर्चीकडे जवळजवळ पळत गेली.

ऋता जेवली. पण त्या वाक्याने तिच्या डोक्यात घर केलं होतं. पोटात जातं ते बाहेर येतं. म्हणजे भांड्यातलं येत नाही, माणसातलं येतं. पोटच असायला हवं असं थोडंच आहे? याचा विचार ती अगदी शांतपणे, एखाद्या कामातली अडचण सोडवावी तसा करत होती. आणि उत्तर मिळालं. उष्टं. आईने उष्टा चमचासुद्धा जवळ येऊ दिला नव्हता.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी, शनिवारी ती गेली. दही आलं. तिने नेहमीसारखं खाल्लं, सावकाश. शेवटचा मोठा घास तोंडात घेतला आणि ओठ मिटले. गिळलं नाही. वाडगा पुसला, खुर्ची मागे सारली, सगळ्यांना मान लववली आणि चौक ओलांडून दाराकडे निघाली.

अर्ध्या फळीशी मिसेस सिया उभ्या होत्या.

"चांगलं होतं, आ गर्ल?"

ऋताने मान डोलावली.

"तुझ्या आईचं नाव काय? तू सांगितलंच नाहीस कधी."

ऋता उभी राहिली. जीभ दह्याखाली दाबलेली होती. गालाच्या आत थंडी भरली होती. मिसेस सिया हाताची घडी घालून थांबल्या. त्यांना कसलीच घाई नव्हती.

जेवणघरातून खुर्च्या सरकल्या. इलेनी आणि ओदा चौकाच्या कडेला येऊन उभे राहिले.

"नाव," मिसेस सिया म्हणाल्या.

ऋताने गळ्याकडे हात नेला, घसा दुखतोय असं दाखवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. ते खरं होतं.

"तिच्या तोंडात आहे," इलेनी म्हणाली.

ओदांनी घशातून आवाज काढला, कुत्र्याने काढावा तसा. दोघंही पुढे आली. इलेनीचे हात तिच्या जबड्याच्या दिशेने उठले होते.

मिसेस सियांनी नुसता तळवा दाखवला. दोघं जागच्या जागी थांबली.

मग त्यांनी ऋताच्या गालावरून, बाहेरून, एक बोट फिरवलं. जिथे दही होतं, तिथे बोट थांबलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "ने. पण ह्यापुढे मी नाही हं भरवणार. तू भरवायचं. रोज. विसरायचं नाही."

त्यांनी फळी उघडून धरली.

बाहेर आल्याबरोबर गल्लीतले सगळे वास एकदम अंगावर आले. ऋता पाया लेबार स्टेशनपर्यंत चालत गेली. गाडीत कुणी जागा दिली, तिने मानेनेच आभार मानले. मध्ये एकदा गाडी बदलली. निशिकांतचा फोन वाजत राहिला, बंद झाला, पुन्हा वाजला. लाळ सुटत होती, ती कडेकडेने गिळत होती, आणि दही मात्र पातळ होत नव्हतं. कपड्याच्या बोळ्यासारखं एका जागी बसून होतं. पुंगोलच्या अलीकडे कधीतरी तिला वाटलं की ते जिभेवर जरासं सरकलं, झोपेत कुणी कूस बदलावी तसं. तिने डोळे मिटून घेतले आणि स्टेशनांची नावं मनात म्हणत राहिली.

घरी दूध कोमट केलं. करंगळी बुडवून बघितली. मग भांड्यावर वाकली आणि तोंड उघडलं. चूळ भरायलाही नको वाटलं. भांड्याला शाल गुंडाळून ती ओट्याशीच जमिनीवर बसून राहिली.

रविवारी सकाळी दही लागलं होतं. भांडं कलतं केलं तरी हललं नाही. वर एक सुरकुती नव्हती. ऋता ओट्याला टेकून रडली, आई गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने. मग तोंड धुतलं, भांडं फ्रीजमध्ये ठेवलं आणि भात लावला.

निशिकांत आणि मीनल हार घेऊन आली. मीनलने येताना वड्यांचं पीठ आणलं होतं. काल फोन का उचलला नाहीस म्हणून निशिकांतने विचारलं, आणि तिचा चेहरा बघून हार सोडवायला घेतला. पाट मांडला, फोटोला हार घातला, समई लावली. ताटात वरण, भाजी, वडे, खीर वाढून झाली. मधली जागा दहीभातासाठी ठेवली होती.

"लागलं ना गं दही?" निशिकांत आत डोकावून म्हणाला. "आण लवकर, ताई. थांबलेत सगळे."

सगळे म्हणजे कोण, हे तिच्या मनात येऊन गेलं. बाहेर तर दोघंच होती.

तिने फ्रीज उघडला. शेजारची पाण्याची बाटली गारठून घामेजली होती, दुधाची पिशवी थंडगार होती. भांडं दोन्ही हातांनी बाहेर काढताना तिला आधी वाटलं की आपलेच तळवे गरम आहेत. ओट्यावर ठेवलं. झाकण काढून आईसारखी करंगळी अलगद वर टेकवली, आणि तशीच राहू दिली.

ताप नसलेल्या माणसाच्या कपाळाइतकं ते कोमट होतं.